धर्मपाल स्मृतिदिन: विहार आणि थिऑसॉफिकल लॉजने मिळून कार्यक्रम कसा बसवावा?

विहार_समिती
जय भीम, नमो बुद्धाय. येत्या 29 एप्रिलला श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल यांचा स्मृतिदिन आमचे विहार आणि इथले थिऑसॉफिकल लॉज (सर्व धर्मांतले समान गूढज्ञान शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीची शाखा) मिळून करणार आहेत. साठ-सत्तर माणसे, एक भंतेजी, सकाळची वेळ. अडलेय ते इथे: बॅनरवर 'भिक्खू धर्मपाल' लिहून शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतला फोटो टाकावा असे काहींचे म्हणणे आहे. लॉजवाल्यांना सर्वधर्म प्रार्थनेने सुरुवात हवी. आणि धर्मपालांनी थिऑसॉफी सोडलीच होती, मग लॉज कशाला, असेही ऐकू येते. जाणकारांनी नेमके सांगावे.

पाली_पाठ
फोटो आणि पदवी जुळत नाहीत. शिकागो सप्टेंबर 1893 चे. त्या छायाचित्रात अंगावर पांढरे वस्त्र आहे आणि केस लांब आहेत. श्रामणेर (नवशिक्या भिक्खूची) दीक्षा जुलै 1931, उपसंपदा (पूर्ण भिक्खूदीक्षा) जानेवारी 1933, निधन 29 एप्रिल 1933, तिन्ही सारनाथला. म्हणजे भिक्खू म्हणून पुरते चार महिनेही नाहीत. 'भिक्खू' लिहायचे असेल तर मुंडन केलेला, चीवरातला फोटो शोधा आणि 'देवमित्त धम्मपाल' हे दीक्षेनंतरचे नाव टाका. नाहीतर सरळ 'अनागारिक धर्मपाल (1864–1933)' पुरे.

माझ्या मते 'अनागारिक' हेच ठेवावे, कारण त्यांचे बहुतेक सारे काम त्या अवस्थेत झाले. घर नाही, लग्न नाही, ब्रह्मचर्य आहे, पण भिक्खूची 227 शिक्षापदे (नियम) लागू नाहीत. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी दहावे सोने-रुपे न स्वीकारण्याचे आहे. उपासकाच्या अष्टशीलात ते नसते. महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस म्हणून त्यांना वर्गणी जमवायची होती, बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या खटल्यात पैसा घालायचा होता, जहाजाची तिकिटे काढायची होती. चीवरात राहून हे विनय (भिक्खूंचे नियम) न मोडता जमले नसते. वक्ते हा मुद्दा नेमका गाळतात आणि शिकागोच्या भाषणावर अर्धा तास घालवतात.

उपसंपदेबद्दल कुणी विचारलेच तर: मध्यदेशात (गंगेच्या खोऱ्यातला बुद्धकालीन मध्यवर्ती प्रदेश) किमान दहा भिक्खूंचा संघ आणि बांधलेली सीमा (संघकर्मासाठी आखलेली जागा) लागते, सीमावर्ती प्रदेशात पाच चालतात. सारनाथ मध्यदेशात येते. भारतात तेव्हा एवढे थेरवादी भिक्खू एकत्र मिळणे सोपे नव्हते, म्हणून श्रीलंकेहून बोलवावे लागले.

आणखी एक. आपल्याकडे बॅनरवाला सवयीने 'आत्म्यास शांती लाभो' छापतो, आणि बौद्ध धम्म तर आत्मा मानत नाही. प्रूफ बघूनच पैसे द्या. 'विनम्र अभिवादन' लिहा.

जुने_लॉज
'सोडलीच होती' हे अर्धेच खरे. 1880 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ऑल्कॉट आणि ब्लाव्हाट्स्कीबाई मुंबईहून श्रीलंकेला गेले (सोसायटीचे मुख्यालय तेव्हा मुंबईतच होते, 1882 अखेर अड्यारला हलले) आणि 25 मे रोजी गॉल येथे दोघांनी पंचशील घेतले. धर्मपाल 1884 मध्ये सोसायटीत आले, डिसेंबरात ब्लाव्हाट्स्कीबाईंबरोबर अड्यारला गेले. गूढविद्या शिकायची इच्छा होती. बाईंनी पाली शिक असे सांगितले. 1886 मध्ये ऑल्कॉट आणि सोसायटीचेच लेडबीटर शिक्षणनिधीसाठी श्रीलंकेत गावोगाव फिरले तेव्हा दुभाषी धर्मपालच. 31 मे 1891 ला कोलंबोत महाबोधी सोसायटी निघाली तेव्हा अध्यक्ष श्रीलंकेचे भिक्खू हिक्कडुवे सुमंगल, सल्लागार ऑल्कॉट, सरचिटणीस धर्मपाल.

तुटले ते पुढे, आणि ते ऑल्कॉटशी. 1905 च्या सुमारास दुरावा उघड झाला होता. थिऑसॉफी हिंदू वळणाने चालली आहे ही त्यांची तक्रार होती. पण ब्लाव्हाट्स्कीबाईंविषयीचा आदर शेवटपर्यंत राहिला. तेव्हा लॉजच्या वक्त्याला 1880 ते 1891 एवढाच काळ द्या, पंधरा मिनिटे. दुरावा त्यानेच सांगावा. तो लपवला तर प्रश्नोत्तरात तोच निघतो आणि मग सूर बिघडतो. जन्म घेणारे जीवतत्त्व थिऑसॉफी मानते, अनात्मवादाशी (कायमचा आत्मा नाही या बौद्ध मताशी) ते जुळत नाही, हेही एका वाक्यात मोकळेपणाने म्हणावे.

सर्वधर्म प्रार्थना आमच्या अधिवेशनांची प्रथा आहे, स्मृतिदिनाची सक्ती नाही. लॉजच्या सभागृहात 8 मेला, ब्लाव्हाट्स्की स्मृतिदिनी, ती घ्या. विहारात विहाराचीच वंदना.

उपोसथ
क्रम वेळेच्या मागून लावा. भंतेजींचे भोजन 12 च्या आत संपले पाहिजे, म्हणून भोजनदान 10:45 ला सुरू. तिथून उलटे मोजा: 9 ला त्रिसरण-पंचशील (याचना उपासकांनी करायची, शील भंतेजी देतील), बुद्धवंदना, 9:25 पासून दोन वक्ते. दुसऱ्याने 1891 नंतरचे घ्यावे. 10:35 ला माईक बंद, कोणीही बोलत असो. हे कार्यक्रम नेहमी पाहुण्यांच्या सत्कारात लांबतात आणि भंतेजी उपाशी राहतात.

टेबलावर पदार्थ मांडून 'घ्या भंते' म्हणू नका. ताट उचलून हाताच्या अंतरावरून हातात द्यायचे. न दिलेले अन्न ते घेऊ शकत नाहीत. दक्षिणेचे पाकीट हातात नाही, विहाराच्या कोषाध्यक्षाकडे.

शेवटी पुण्यानुमोदन (केलेले पुण्य दिवंगतांना अर्पण करणे). लिटरभर पाण्याचा तांब्या, खोल ताटात लहान वाटी. 'यथा वारिवहा पूरा' ही गाथा सुरू झाली की बारीक धार धरा. घाई केली तर गाथा संपायच्या आत तांब्या रिकामा होतो. सांडलेले पाणी झाडाच्या मुळाशी घाला.

विहार_समिती
आभार. बोधगयेवर बोलावे का? आणि बौद्ध ध्वज लॉजच्या दारावर लावला तर चालेल?

उपोसथ
बोलावे, पण 'धर्मपालांनी महाबोधी विहार मिळवून दिले' असे नको. 22 जानेवारी 1891 ला ते तिथे पोचले, फेब्रुवारी 1895 ला ठेवलेली जपानी बुद्धमूर्ती तिथल्या हिंदू मठाच्या महंतांच्या माणसांनी हलवली, कोर्टकचेऱ्या झाल्या. विहाराच्या व्यवस्थापनाचा कायदा 1949 चा, त्यांच्या निधनानंतर 16 वर्षांनी, आणि त्यातही समितीवर चार हिंदू व चार बौद्ध. बाबासाहेबांचा 1950 चा लेख महाबोधी सोसायटीच्याच मासिकात आला होता. आपल्या श्रोत्यांना तो धागा लगेच कळतो.

जुने_लॉज
ध्वज जरूर लावा. 1885 मध्ये कोलंबोच्या समितीने केला, तो फार लांबट होता. नेहमीच्या झेंड्याच्या मापात आणायची सूचना ऑल्कॉटची. काठीकडे निळा, मग पिवळा, लाल, पांढरा, केशरी, आणि टोकाच्या सहाव्या पट्ट्यात हेच रंग आडवे, निळा वर. दारावर उभा सोडायचा असेल तर निळा पट्टा वरच्या बाजूला. शिवलेला ध्वज बांधण्याआधी एकदा उलगडून बघा, दोरीचा कप्पा केशरी बाजूला शिवलेले ध्वज बाजारात सर्रास मिळतात.