ओपन किचन नक्की कुणासाठी? सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी की ओट्यापाशी उभं राहणाऱ्यांसाठी?

फोडणीपुरती

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणा इंटिरियरवाल्याची पोस्ट फिरत फिरत आली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बंद स्वयंपाकघर म्हणजे बाईला कोंडून ठेवणं, म्हणून हॉल-किचनमधली भिंत पाडा, वरची कपाटं काढून उघड्या फळ्या लावा, ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा करा, मधे आयलंड म्हणजे चारी बाजूंनी सुटा ओटा टाका, मग बघा कसा हसतखेळत स्वयंपाक होतो. खाली सगळ्या नातेवाइकांचे अंगठे, त्यात ज्या काकांनी जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नाही त्यांचाही. तिथे बोलले असते तर दिवाळीपर्यंत पुरलं असतं, म्हणून इथे.

यातल्या कुणी सकाळी साडेसहाला टू बीएचकेमधलं किचन बघितलंय का? एका शेगडीवर भाजी, दुसरीवर पोळ्या, तिसरीवर कुकर, सासूबाईंना चहा हवाय, मिक्सरमध्ये चटणी, आणि हॉलमध्ये नवरा कानाला हेडफोन लावून अमेरिकेशी बोलतोय. ती भिंत आहे म्हणून त्याची नोकरी टिकलीये.

भिंत पाडली की तिला टेकलेला फ्रिज जातो, वरची कपाटं जातात. मग वर्षाचे गहू, पापड-कुरडया, सोऱ्या, पुरणयंत्र, दहा लिटरचा कुकर ठेवायचा कुठे? बेडखाली? उघड्या फळ्यांचं तर बोलूच नका, रोज चार फोडण्या पडणाऱ्या घरात आठवड्याभरात डब्यांवर तो पिवळट चिकट थर येतो ज्याला साबणही दाद देत नाही. आणि "चिमणी आहे ना" म्हणणाऱ्यांनी आपल्या चिमणीचा पाइप खरंच बाहेर गेलाय का ते स्टूलवर चढून बघावं. कित्येक घरांत सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून कोळशाचा फिल्टर लावून तीच हवा परत घरात सोडलेली असते, वास थोडा कमी होतो, वाफ आणि उकाडा जिथल्या तिथे. क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा चिकट पदार्थ असतो, तापलेली कढई थेट ठेवली की डाग कायमचा, वर हळदीचं राहिलंच. माझ्या काळ्या ग्रॅनाइटवर मी काहीही आपटते.

एका वेळी आत किती माणसं उभी राहणार, कोण काय करणार, यावरून किचन ठरवावं ना? बाई आत कोंडली जाते कारण बाकीचे आत येत नाहीत. भिंत पाडल्यावर ते सोफ्यावरून उठतील असं ज्यांना वाटतं त्यांना शुभेच्छा.

कल्याणकर_स्लो

असहमत, पूर्ण असहमत. आमचं कल्याणला वन बीएचके, किचन अरुंद आणि अंधारं. आईने सगळं आयुष्य भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला, पाहुणे आले की हॉलमध्ये हशा आणि ही आत एकटी भजी तळतेय. मी भिंत काढली. आता आई भाजी निवडत सिरियल बघते, पोरगी डायनिंगवर अभ्यासाला बसते, तिला तिथूनच ओरडा बसतो. आणि तुमच्या शेवटच्या टोमण्याचं म्हणाल तर मी उठलो हो! भिंत होती तेव्हा शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत असं सांगता यायचं, आता दूध उतू जाताना समोर दिसतं, किती वेळ बसून राहणार? माणसांच्या आधी पुरणयंत्राची सोय बघणारे लोक असतात हे बघून मौज वाटली.

फोडणीपुरती

पुरणपोळी खाताना ही मौज आठवा म्हणजे झालं. मासे तळता का हो घरी?

कल्याणकर_स्लो

तळतो. बोंबील. वास येतो. खिडकी उघडतो. पडदे नाहीत, सोफ्याला रेक्झिन आहे. प्रश्न सोडवायचे असले की सुटतात.

राइनकाठची

ओपन म्हणजे पुढारलेलं असं समजणाऱ्यांसाठी. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणावी ती 'फ्रँकफर्ट किचन' मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या बाईंनी १९२६ साली आखली आणि ती चक्क वेगळी, बंद खोली होती. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, पावलं वाचावीत म्हणून सगळं मोजूनमापून हाताशी, तांदूळ-साखरेला ओतता येतील असे ॲल्युमिनियमचे खण, बसून काम करायला स्टूल, आणि जेवायच्या खोलीकडे सरकतं दार. पुढे तिच्यावर टीकाही हीच झाली की बाई आत एकटी पडते. म्हणजे तुमचं दोघांचं भांडण शंभर वर्षं जुनं आहे, चालू द्या :)

बाकी इथे जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा किचनच नसतं, नुसते नळ आणि भिंती, ओटा-कपाटं आपली आपण आणायची. आमचं ओपन आहे आणि पॅसेजमध्ये स्मोक अलार्म. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी एक माणूस टॉवेल घेऊन अलार्मखाली उभा करावा लागतो. त्यामुळे धागाकर्तीला माझं मत.

चुना_विटा

सिव्हिलवाला आहे म्हणून लिहितो. भिंत पाडण्याआधी बिल्डिंग कशी बांधलीय ते विचारा. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवान शटरिंग असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, भिंती विटांच्या नसतात, आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) असतात आणि त्याच भार घेतात. तिथे हातोडा लावायचा नाही. विषय संपला.

आयलंडचं म्हणाल तर नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे जेवायला वेगळी जागा असेल तर किचन किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी १.८ मीटर, तिथेच जेवायचं असेल तर ७.५ आणि २.१. बिल्डरला किमान सांगितलं की तो तेवढंच देतो. १.८ मीटरमधून दोन फुटांचा ओटा वजा करा, उरतात जेमतेम चार फूट. त्यात आयलंड टाकून चालणार कुठून?

गॅसचं कुणी बोलतच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवी. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला वर झरोका हवा. शोभेसाठी दोन्ही बुजवलेली किचनं मी बघितलीत.

अवांतर: सगळे ओट्यावर भांडताय, सिंकचं काय? बिल्डर सरसकट ३२ इंचांवर ओटा टाकतो, त्यात ९ इंच खोल सिंक, म्हणजे तळ आला २३ इंचांवर. घासणाऱ्याची पाठ गेलीच. शेगडीची बाजू ३२ ठेवा, सिंकची ३६ करा.

हंडेकळशी

सिंक कशाला, मोरी हवी मोरी!! कुणी बोललं एकदाचं या विषयावर. आमच्या जुन्या वाड्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, मोठं पातेलं, परात, हंडा सगळं आडवं-उभं करून घासता यायचं. आता सिंकमध्ये परात तिरकी घालायची, अर्धं पाणी ओट्यावर, अर्धं पोटावर. बिल्डर ड्राय बाल्कनी देतो तिथे वॉशिंग मशीन बसलं की संपली जागा. आम्ही हट्टाने मशीन बाथरूममध्ये नेलं आणि ड्राय बाल्कनीत चार इंचांची कड घालून मोरी केली. मावशी पाटावर बसून आरामात घासतात.

काकडी_कोशिंबीर

आरामात??? आरामात कोण बसतंय आणि कोण उभं राहून बघतंय तेही लिहा ना. स्वतः पाच मिनिटं उकिडवं बसून बघा आणि मग त्या मोरीचे गोडवे गा. डिशवॉशर घ्या, माणसाला माणसासारखं वागवा.

हंडेकळशी

हे आले. मी विचारलंय त्यांना, सिंकपाशी उभं राहून पाय भरून येतात म्हणतात. दिवसभरात सहा घरी उभं राहायचं असतं त्यांना. आणि डिशवॉशरमध्ये लोखंडी तवा घाला, गंजून येईल. पितळी पातेली घाला, काळी पडतील. हिंडालियमची कढई घाला आणि मला फोटो पाठवा. आमच्याकडे निम्मी भांडी तीच आहेत. शिवाय मशीन आलं की मावशींचं काम जाणार, ते चालतं का तुमच्या माणुसकीला?

काकडी_कोशिंबीर

नोकरी जाईल म्हणून बसवून ठेवायचं, हा युक्तिवाद कुठे कुठे वापरला गेलाय ते सांगायला लावू नका. आणि मालकिणीने विचारल्यावर कोणती बाई "नाही हो, त्रास होतो" म्हणणार आहे? पगार तुम्ही देता.

हंडेकळशी

तुम्ही माझ्या घरी आलात कधी? नाही ना? मग माझ्या घरातल्या बायकांची वकिली बंद करा. तुमच्याकडे भांडी कोण घासतं ते आधी सांगा.

कोपऱ्यातला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ओपन किचन कुठे गेलं?

सहाफुटी

आमच्याकडे भांडी मी घासतो, आणि दोन्ही बाजूंनी माझी गैरसोय होते म्हणून बोलायचा हक्क मला. खाली बसलो तर गुडघे वाजतात, सिंकला उभा राहिलो तर कमरेत वाकतो. चुना_विटा म्हणतात तसं सिंकचा ओटा ३६ करून घेतला आणि खरंच फरक पडला. पण एक अडचण झाली. बायको पाच फुटांची. तिला तिथे खरकटं विसळताना कोपरं वर करावी लागतात, पाणी बाहीत. आता भांडी कायमची माझ्याकडे आली आहेत, हे तिने आधीच ओळखलं होतं असा संशय आहे. उलट पोळ्यांना ३२ पण जास्त होतं, लाटताना वरून जोर द्यावा लागतो ना, ती फळीवर उभी राहून लाटते. तेव्हा सगळ्या कामांना एकच उंची हा मूळ मूर्खपणा आहे.

ईशान्यमुखी

सिंक आणि शेगडी एका ओट्यावर शेजारी, जल आणि अग्नी एकत्र, मग घरात वाद होणारच. हा धागाच बघा. शेगडी आग्नेयेला हवी, तोंड पूर्वेला.

चुना_विटा

वास्तूवर मी काही बोलत नाही, मागच्या वेळी बोललो तर दीडशे प्रतिसाद झाले. पण तापल्या तेलात ओल्या हाताचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मीही दोघांत किमान दोन फूट ठेवायला सांगतो. घ्या, झालो तुमच्या बाजूचा. पूर्व-आग्नेय मात्र तुमची तुम्हाला.

फोडणीपुरती

धागा माझा, त्यात मोरी वाहतेय. ठीक आहे.

कल्याणकर, तुमच्या आईंचं वाचून मला गप्प बसावं लागलं, वन बीएचकेत अंधारं किचन असेल तर पाडा बापडे भिंत. पण त्याचं श्रेय तुम्ही उठलात याला आहे, भिंतीला नाही, आणि प्रत्येक घरी तुमच्यासारखा मुलगा फिटिंगमध्ये येत नाही. ते फ्रँकफर्टवालं सरकतं दार मला पटलं. फोडणीच्या वेळी लावायचं, एरवी उघडं. काचेचं केलं तर उजेडही येईल. चुना_विटा, मायवानमध्ये जमेल?

चुना_विटा

आहे त्या दाराच्या मापात जमेल. भोक मोठं करायचं नाही. वरून टांगता ट्रॅक घ्या, खालच्या पट्टीत पीठ आणि झुरळं साठतात.

कल्याणकर_स्लो

काचेवरचा तेलाचा थर कोण पुसणार तेही ठरवून ठेवा, उघड्या फळ्यांना नावं ठेवली होतीत म्हणून विचारलं. बाकी श्रेयाबद्दल आभारी आहे, स्क्रीनशॉट आईला पाठवला.

हंडेकळशी

काकडीताईंसाठी. आज मावशींना नीट विचारलं, मी चहा केला आणि दोघी बसलो तेव्हा. त्यांना पाट नको, फूटभर उंच प्लॅस्टिकचं स्टूल हवंय आणि नळाला लांब पाइप, म्हणजे वाकावं लागणार नाही. उभं राहायला अजूनही नकोच म्हणतात. आणि उंचीचं नंतर बघा पण कुकरातला भात वाळवून ठेवू नका, त्यात पाणी घाला, असं तीनदा सांगितलं.

काकडी_कोशिंबीर

म्हणजे पाट नकोच होता. एवढंच म्हणत होते मी. स्टूलबद्दल चांगलं केलंत. डिशवॉशरबद्दल मत तेच आहे, आणि हो, आमच्याकडे भांडी सासरे लावतात मशीनमध्ये, विचारलं होतंत म्हणून सांगितलं.