मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन साऊथॅम्प्टन ते नॉर्वे क्रूझ, कुठली केबिन घेऊ? (उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय)

रेडिंगची_मीनल
मंडळी, घाईत लिहितेय. पुढच्या महिन्यात साऊथॅम्प्टनहून नॉर्वेच्या क्रूझला निघतोय, आम्ही तिघं आणि माझे आई-बाबा. सगळे पैसे भरून झालेत. आता एजंट म्हणतो, आई-बाबांसाठी दोनच केबिन शिल्लक आहेत. एक वरच्या मजल्यावर जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, बाल्कनीची. दुसरी खालच्या मजल्यावर मधोमध, पण आतली, खिडकी नसलेली. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.

बाबांना बाल्कनीच हवीय, फ्योर्ड (डोंगरांमधल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) बघत बसायचंय त्यांना. आईला वरंधा घाटात गाडी लागते, बोट तर नक्कीच लागणार. त्यात तिचं माहेर रेवसचं. १९४७ ला बुडालेल्या 'रामदास' बोटीच्या गोष्टी ऐकत मोठी झालीय ती, बोट म्हटलं की पोटात गोळा येतो तिच्या. कुणी वयस्कर माणसांना नेलंय का? कुठली केबिन घेऊ? जेवणाचं काय?

खारावारा
मधली, खालची. डोळे झाकून घ्या. जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात. सी-सॉच्या मधोमध बसलेल्या पोराला जसं फारसं काही जाणवत नाही, तसंच मधल्या केबिनचं. आणि जितक्या वरच्या मजल्यावर जाल तितकं डावी-उजवीकडे झुलणंही जास्त कळतं. फ्योर्ड बघायला उघडे डेक आहेत, बाबा दिवसभर तिथेच बसतील.

आईंना सांगा की जहाज धक्क्यावरून सुटायच्या आधी प्रत्येक प्रवाशाला आपली जमायची जागा गाठून सुरक्षेची माहिती घ्यावीच लागते. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट कलंडली, त्यानंतर हे फार कडक झालंय. लाइफजॅकेट कुठे आहे, कसं घालायचं हे आईंना आधी शांतपणे दाखवून आणा. माझ्या सासूबाईंची अर्धी भीती तिथेच गेली होती.

जहाज कोणतं आणि बंदरं कुठली ते लिहिलं नाहीत.

बिस्के_अण्णा
केबिनने काडीचा फरक पडत नाही. आम्ही साऊथॅम्प्टनहून लिस्बनला गेलो होतो. बिस्केच्या उपसागरात रात्रभर कपाटाचे दरवाजे आपटत होते, आणि सकाळी बघतो तर जिन्याच्या कठड्यांना ओळीने कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, लोकांना ओकायला. नाश्त्याचा हॉल रिकामा. वयस्कर माणसांना या फंदात पाडू नका. विमानाने बर्गनला जा आणि तिथून छोट्या बोटीने फ्योर्ड बघा. जायचंच असेल तर सगळ्यांना बोट लागू नये म्हणून क्वेल्सच्या गोळ्या द्या, पहिल्या दिवसापासून.

खारावारा
अण्णा, नॉर्वेला जाताना बिस्के लागतच नाही. जहाज साऊथॅम्प्टनसमोरच्या सॉलेंट सामुद्रधुनीतून बाहेर पडून पूर्वेला वळतं आणि डोव्हरच्या सामुद्रधुनीतून उत्तर समुद्रात शिरतं. बिस्के स्पेनकडे जाताना. त्यात फ्योर्डमध्ये शिरलं की दोन्ही बाजूंना डोंगर, जहाज चालतंय हेसुद्धा कळत नाही.

बिस्के_अण्णा
उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम केलेल्या कुणालाही विचारा, तो समुद्र शांत असतो का ते.

खारावारा
जानेवारीतला आणि उन्हाळ्यातला एक नसतो.

औषधवाली
क्वेल्स असं सरसकट सांगू नका, कळकळीची विनंती. त्यात हायोसिन नावाचं औषध असतं. काचबिंदू असेल तर ते चालत नाही, प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असेल तरी जपावं लागतं, आणि वयस्करांना गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. मी इथे फार्मसीत काम करते, दर उन्हाळ्यात क्रूझवाले काउंटरवर येतात. मीनल, दोघांची वयं आणि चालू औषधं लिहा.

रेडिंगची_मीनल
मी केबिनचं विचारलं होतं! बरं, लिहिते. जहाज पी अँड ओ कंपनीचं आयोना, सात रात्री. स्टाव्हांगर, ओल्डेन, ऑलेसुंड, हौगेसुंड. आई ६९, थायरॉइड सोडून काही नाही. बाबा ७४, बीपी, मधुमेह, डोळ्यांत थेंब घालतात काचबिंदूचे. आईने पुण्याहून येताना ॲव्होमिनच्या पट्ट्या आणल्यात, त्या चालतील ना?

औषधवाली
बघा, काचबिंदू निघालाच. बाबांनी क्वेल्सला हात लावायचा नाही. ॲव्होमिनसुद्धा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आईंना ॲव्होमिन आधी सोसलेली असेल तर घेऊ देत, पण जहाज हलायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. झोप येते, तेव्हा त्या दिवशी जिने उतरताना कुणीतरी हात धरा.

आणि जहाजावर हात साबणाने धुवा, प्रत्येक जेवणाआधी. दारात जेल लावून लोक समाधान मानतात, पण नोरोव्हायरसला त्या जेलने फारसा फरक पडत नाही.

तृप्ती_हॅरो
जेवणाचं काही टेन्शन घेऊ नका. आयोनावर सिंधू नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, त्याचे पैसे वेगळे पडतात. पण रोजच्या डायनिंग हॉलमध्येच आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं तर साधं वरण-भात करून देतात. आमचा वेटर मडगावचा होता. माझ्या आईशी कोकणीत बोलायचा आणि न मागता लिंबाची फोड आणून ठेवायचा. तरी छोटा राईस कुकर बरोबर ठेवा, मी नेहमी नेते.

जहाजी_जावई
राईस कुकर अजिबात नेऊ नका. इस्त्री, प्रवासी किटली, कुकर, तापणारं जे काही आहे ते बॅग स्कॅन करताना काढून घेतात आणि परत येताना देतात. आग हा जहाजावरचा सगळ्यात मोठा धोका असतो, त्यात तडजोड नाही. आयोनावर केबिनमध्ये किटली असते, गरम पाणी मिळतं. मेतकूट आणि लोणच्याची सीलबंद पाकिटं न्या, बास.

फोन पहिल्या मिनिटापासून एअरप्लेन मोडवर. समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, आणि तुमच्या पॅकेजमधलं युरोपचं रोमिंग त्याला लागू नसतं.

लेस्टरचा_निनाद
जीएचआयसी कार्ड, म्हणजे परदेशात सरकारी उपचारांसाठीचं इथलं कार्ड, काढलंत का? फुकट आहे, नॉर्वेतही चालतं. मग वेगळ्या विम्याची गरज नाही.

औषधवाली
निनाद, असं सांगू नका. ते कार्ड किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात चालतं. जहाजावरचा दवाखाना खासगी, तिथे साध्या तपासणीचंसुद्धा बिल येतं. हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं तर तेही त्यात बसत नाही. क्रूझचं कव्हर असलेला विमा हवाच.

एकच_मुद्दा
मीनलताई, वर तुम्ही "पुण्याहून येताना" लिहिलंय. आई-बाबा इथे राहतात की भेटीला आलेत? पासपोर्ट कुठला?

रेडिंगची_मीनल
भेटीला आलेत, सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे, व्यवस्थित. पासपोर्ट अर्थातच भारतीय. एजंटकडे पासपोर्टचे नंबर देऊन महिने झाले, तो काही बोलला नाही. केबिनचं सांगा ना कुणीतरी पक्कं, बाबा बाल्कनीवर अडून बसलेत.

एकच_मुद्दा
केबिन बाजूला ठेवा. त्यांच्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आहे का? नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. इंग्लंडच्या व्हिजिटर व्हिसावर तिथे उतरता येत नाही. साऊथॅम्प्टनच्या काउंटरवर पासपोर्ट तपासतात, आणि व्हिसा नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. तसं झालं तर पैसेही परत मिळत नाहीत. घरातल्या बाकीच्यांचंही सांगा.

रेडिंगची_मीनल
माझा आणि मुलीचा ब्रिटिश. नवऱ्याचा भारतीय, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) आहे, ऑफिसच्या कामासाठी शेंगेन मल्टिपल एंट्री घेतलेला आहे. आई-बाबांकडे नाही. पण आम्ही राहणार तर जहाजावरच! बंदरावर चार-सहा तास फिरून परत.

देवगडकर
कशाला घाबरवताय? क्रूझवाल्यांचे पासपोर्ट बंदरावर कुणी बघत नाही. आम्ही चार बंदरं फिरलो, एकाही ठिकाणी शिक्का नाही. फार तर आई-बाबांनी उतरू नये, जहाजावरून बघावं.

एकच_मुद्दा
देवगडकर, तुमचा पासपोर्ट ब्रिटिश आहे का? असेल तर तुम्हाला व्हिसा लागतच नाही. बंदरावर दरवेळी तपासणी होत नाही हे खरं, पण म्हणून व्हिसाची अट सुटत नाही. आणि "उतरणार नाही" हे जहाज कंपन्या ऐकत नाहीत. मधेच कुणी आजारी पडून उतरवावं लागलं तर? म्हणून त्या चढतानाच व्हिसा मागतात.

आता अडचणीची गोष्ट. शेंगेनचा अर्ज आपण जिथे कायदेशीर राहतो त्या देशातून करायचा असतो. व्हिजिटर म्हणून आलेल्यांचा अर्ज लंडनमध्ये सहसा घेत नाहीत, त्यांना मुंबईला जाऊनच करावा लागेल. निर्णयाला साधारण १५ दिवस, अपॉइंटमेंट मिळायचा वेळ वेगळा. पुढच्या महिन्यात निघायचंय म्हणताय, तर मला तरी हे बसताना दिसत नाही. विमाही तपासा. इथल्या बहुतेक कंपन्या इथे राहणाऱ्यांनाच विमा देतात, आई-बाबांचा भारतातून काढलेला असेल तर त्यात क्रूझ आहे का ते वाचा.

लेस्टरचा_निनाद
हल्ली शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात म्हणे, ती ईईएस पद्धत. त्यासाठी वेळ ठेवा.

जहाजी_जावई
साऊथॅम्प्टनला सुरू होऊन तिथेच संपणाऱ्या क्रूझला ते सहसा लागत नाही. आत्ता विषय तो नाही.

रेडिंगची_मीनल
मला रडू येतंय. बाबांनी जहाजाचा फोटो भिंतीवर लावलाय. एजंट फोन उचलत नाही. आता मी काय करू ते सांगा.

कायदेकानून
शांतपणे तीन कामं करा. इथल्या पॅकेज ट्रॅव्हल रेग्युलेशन्स २०१८ प्रमाणे पासपोर्ट-व्हिसाची सर्वसाधारण माहिती, व्हिसाला साधारण किती वेळ लागतो यासकट, बुकिंगच्या आधी ग्राहकाला द्यावी लागते. तुम्हाला काय दिलं होतं ते ईमेलमध्ये शोधा, छापील पानांसकट, आणि काहीच सापडलं नाही तर तसं एजंटला लेखी विचारा. फोनवर बोलू नका. दुसरं, त्याच नियमांत बुकिंग दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करायची सोय आहे, निघण्याच्या किमान ७ दिवस आधी कळवावं लागतं आणि बदलाचा खर्च भरावा लागतो. तिसरं, रद्द करायचं असेल तर आजच विचारा. निघायचा दिवस जवळ येतो तसा कापून घेण्याचा हिस्सा वाढतो.

खारावारा
आई-बाबांना वगळून जाण्यात काय अर्थ आहे? ब्रिटनच्या भोवती फिरणारी क्रूझ बघा. लिव्हरपूल, ग्लासगोसाठी ग्रीनॉक, बेलफास्ट, ऑर्कनीतलं कर्कवॉल. या बंदरांना त्यांचा आत्ताचा व्हिसा पुरतो. कर्कवॉलहून स्कारा ब्रे बघून या, पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं, आत दगडाचेच पलंग आणि मांडणी. फक्त यादीत ल हाव्र किंवा शेरबुर्ग नाही ना ते बघा. तो फ्रान्स, म्हणजे पुन्हा शेंगेन.

एकच_मुद्दा
आणि डब्लिन किंवा कोव्ह असेल तर आई-बाबांच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) लिहिलंय का ते बघा. भारतीयांना त्या योजनेत ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. नवऱ्याचं आयर्लंडचं वेगळं विचारा, आयएलआर आणि व्हिजिटर व्हिसा एक नव्हे.

रत्नांग्रीकर
धागा वाचून राहवलं नाही. माझे पणजोबा पी अँड ओच्या बोटींवर खलाशी होते. आपल्या कोकणातली किती माणसं या बोटींवर राबली, गोव्याचे स्ट्युअर्ड तर पिढ्यान् पिढ्या. १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेयला उडी घेतली ती मोरिया बोट पी अँड ओचीच, आणि १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेला ज्या राजपुतानावरून आले तीही. मीनलताई, आईंना सांगा, समुद्र आपल्या माणसांना परका नाही. कुणाकडे जुन्या खलाशांची नोंदपुस्तकं असतील तर मला कृपया कळवा, मी शोधतोय.

कायदेकानून
यावर वेगळा धागा काढा, मलाही वाचायचंय.

रेडिंगची_मीनल
कळवते. एजंटने आधी "व्हिसा तुमची जबाबदारी" म्हणून हात झटकले. मी नियमांचा उल्लेख करून लेखी उत्तर मागितलं, तेव्हा दुपारी फोन आला. सगळ्यांचं बुकिंग ब्रिटनभोवतीच्या क्रूझवर हलवतोय, बदलाचं शुल्क तो भरणार, भाड्यातला फरक आमचा. ईमेल आल्याशिवाय मी काही सही करणार नाही. यादीत गर्न्झी बेट, कोव्ह, लिव्हरपूल, ग्रीनॉक आहे. आई-बाबांच्या स्टिकरवर खाली बीआयव्हीएस छापलेलं आहे, आत्ता भिंग घेऊन बघितलं. नवऱ्याचं कोव्हचं विचारून ठेवलंय.

गर्न्झीला जहाज धक्क्याला लागत नाही म्हणे, छोट्या बोटीत उतरवतात. आईला जमेल का?

जहाजी_जावई
गर्न्झीच्या सेंट पीटर पोर्टला टेंडरने, म्हणजे त्या छोट्या बोटीनेच उतरावं लागतं. खालच्या दारातून, दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, आणि बोट लाटेबरोबर वर आली की "आता" म्हणतात, तेव्हाच पाऊल टाकायचं. पाणी हलत असेल तर कंपनी ते बंदरच रद्द करते, तिथे हे बऱ्याचदा होतं. आईंना नको वाटलं तर जहाजावर थांबू दे, त्या दिवशी डेक रिकामे असतात.

बिस्के_अण्णा
आयरिश समुद्रसुद्धा काही कमी नाही हो. आलं किसून मीठ लावून वाळवलेलं बरोबर द्या आईंना, आमच्या हिने त्यावरच निभावलं.

औषधवाली
आलं चालेल. आणि मीनल, बाबांची सगळी औषधं, डोळ्यांचे थेंबसुद्धा, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर पोर्टर घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते.