शब्दचर्चा: 'चर्च प्लांटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कोरा_कागद
ग्लोबल मेथॉडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथावरचा एक लेख मराठीत आणतेय. हा नवा पंथ अमेरिकेत 1 मे 2022 ला सुरू झाला. युनायटेड मेथॉडिस्ट चर्चमध्ये समलिंगी विवाहावरून कित्येक वर्षं वाद धुमसत होता, त्यातून बाहेर पडलेल्यांचा. लेखात दर दोन ओळींनी 'चर्च प्लांट करणे' येतं, म्हणजे नव्या जागी माणसं जमवून नवा उपासक-समूह सुरू करणे. 'चर्च-रोपण' लिहिलं की वनमहोत्सवात खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढून घेणारे मंत्री डोळ्यांपुढे येतात. 'चर्च उभारणे' लिहिलं तर वाचक वाळू-सिमेंट शोधणार. आणि लेखातली माणसं तर रविवारी शाळेचा हॉल भाड्याने घेतात, खुर्च्या मांडून उपासना करतात आणि दुपारी त्याच खुर्च्या भिंतीशी रचून घरी जातात. काय लिहू?

नगरकर_बाई
आधी 'चर्च' सोडा, 'मंडळी' घ्या. आमच्याकडची जुनी माणसं इमारतीला देऊळ म्हणायची, आता चर्च म्हणतात. पण तिथे जमणारे विश्वासणारे म्हणजे मंडळी. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. त्याचं अनेकवचनसुद्धा होतं, आशियातल्या 'सात मंडळ्या'. एरवीच्या मराठीत 'मंडळ्या' कुणी म्हणत नाही, त्यामुळे हा शब्द दिसला की विषय चर्चचा आहे हे लगेच कळतं. 'नवी मंडळी स्थापन करणे' लिहा आणि मोकळ्या व्हा.

जुनाट
जपून हं. 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणणाऱ्या पिढीतले वाचकही असतील. 'पाळकांनी (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी) नवी मंडळी केली' असं कुठे लिहून बसू नका.

नगरकर_बाई
'काढली'सुद्धा नको. शाळा काढतात, दुकान काढतात. मंडळी काढली म्हणजे हाकलून दिली.

शब्दवेल्हाळ
रोपणाला एवढं हसायचं कारण नाही. ही प्रतिमा अमेरिकन व्यवस्थापनाच्या पुस्तकातली नव्हे, बायबलातल्या प्रेषित पौलाची आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढा. रोप आपण लावलं, पाणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाने घातलं, वाढ मात्र देवाने दिली, असं तो म्हणतो. गंमत म्हणजे पुढे नवव्या ओवीत तो त्याच लोकांना एका दमात देवाचं शेतही म्हणतो आणि देवाची इमारतही. म्हणजे लावणे आणि उभारणे दोन्ही एकाच वाक्यात! हिंदीत 'कलीसिया रोपण' सर्रास चालतं, तिथूनच 'मंडळी रोपण' आपल्याकडे येतंय. व्याकरणाने चूक नाही. कानाला परकं लागतं, एवढंच.

कॅम्पातला
लेख मेथॉडिस्टांवर आहे, तर त्यांच्या चालीने शब्द निवडा. मूळ मेथॉडिस्टांनी चर्च 'स्थापलं'च नव्हतं. या चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली 1791 मध्ये वारला तोवर अँग्लिकन चर्चचाच धर्मगुरू होता. त्याच्या मंडळ्यांचं नाव होतं 'सोसायटी'. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले, प्रत्येकाला एक प्रमुख दिला आणि दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायचं ठरलं. प्रमुख पेनी मागायला घरोघर जायचा, तेव्हा कोण आजारी, कोण पिऊन पडलंय, कुणाचं नवरा-बायकोचं बिनसलंय हेही कळायचं. वर्गणीसाठी निघालेली ही युक्ती पुढे साऱ्या पंथाचा कणा झाली. या गटांना 'क्लास' म्हणत. (मराठीत 'क्लास' लिहिलंत तर वाचक फी विचारतील, म्हणून 'वर्गसभा' बरं.)

मुंबईतही तसंच झालं. कॅलिफोर्नियाचा मेथॉडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आला. त्याच्या सभांमधून घराघरांत गट जमले आणि 1872 मध्ये त्यांतून मंडळी उभी राहिली. मिशनच्या पैशावर पाळक पोसायचा नाही, मंडळीनेच पोसायचा, यावर तो हटून बसला होता. भायखळ्याचं टेलर मेमोरियल आणि कुलाब्याचं बोवेन मेमोरियल ही नावं त्याच काळातल्या माणसांची. इमारती मागाहून आल्या.

माझा आवडता दाखला पुण्याचा. विल्यम ओल्डहॅम हा बंगळूरमध्ये जन्मलेला, पुण्यात सरकारी सर्व्हेत नोकरीला असलेला माणूस. इथल्या मेथॉडिस्ट सभांना जाऊन त्याचं मन पालटलं. 1885 च्या फेब्रुवारीत तो जेम्स थोबर्न या मिशनरीबरोबर सिंगापूरला उतरला. टाउन हॉलमध्ये व्याख्यानं झाली आणि त्याच महिन्यात मूठभर माणसांची रीतसर मंडळी नोंदली गेली. तिथली शाळाही ओल्डहॅमने पुढच्याच वर्षी काढली. त्या टाउन हॉलच्या जागी आज व्हिक्टोरिया थिएटर आहे.

माणसं जमायला लागतात ती एक पायरी आणि यादी होऊन, सभा भरून नोंद होते ती दुसरी. पहिलीसाठी 'नवी मंडळी सुरू करणे', दुसरीसाठी 'स्थापना'. स्थापना घटाची असो वा मंडळीची, एका दिवशी होते. तुमच्या लेखातल्या खुर्च्या रचणाऱ्यांची अजून व्हायचीय.

कोरा_कागद
हे पटलं. पण एक वाक्य अडतंय. पंथाची वाढ सांगताना जुन्या आणि नव्या मंडळ्या एकाच आकड्यात बसवल्यात.

कॅम्पातला
तिथे मराठीत तरी वेगळं करा. 2019 ते 2023 मध्ये युनायटेड मेथॉडिस्टांमधून साडेसात हजारांवर मंडळ्या बाहेर पडल्या. त्यांतल्या बऱ्याच या नव्या पंथात आल्या, काही स्वतंत्र राहिल्या. पाटी बदललेली मंडळी ती 'सामील झालेली'. शाळेच्या हॉलात शून्यातून जमली ती 'नव्याने सुरू झालेली'. दोन्हींना 'नवी' म्हणणं ही प्रसिद्धिपत्रकाची भाषा.

नगरकर_बाई
आणि कर्ता कोण तेही बघा. मेथॉडिस्टांत पाळक मनाला आलं म्हणून उठून मंडळी सुरू करत नाही, बिशप नेमतो. आमच्या घरांत 'पाळकसाहेबांची बदली झाली' असंच म्हणतात, तलाठ्याची होते तशी. तेव्हा 'नव्या मंडळीच्या कामावर नेमणूक झाली' लिहा.

कोरा_कागद
मग असं: 'त्यांची नेमणूक गावाच्या पश्चिमेला नवी मंडळी सुरू करण्यासाठी झाली, दीड वर्षाने तिची रीतसर स्थापना झाली.' आता 'सर्किट रायडर' राहिलाय.

शब्दवेल्हाळ
'फिरता पाळक'. आणि पहिल्यांदा येईल तिथे 'घोड्यावरून' जोडा, कारण 1771 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला फ्रान्सिस अ‍ॅस्बरी जन्मभर घोड्यावरच होता.

जुनाट
'सर्किट' नकोच. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ वेगळा आहे.