डीबीएस करावं का? अण्णांचे पाय अडकतात

तासगावची_लेक: अण्णांना पार्किन्सन्स आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूत तार घालायचं ऑपरेशन, म्हणजे डीबीएस, सुचवलंय. उंबऱ्याशी आले की पाय फरशीला चिकटतात, वरचं अंग मात्र पुढे जातं. ऑपरेशननं चालणं सुधारतं का? सोमवारी कळवायचंय. घरी ज्यांच्या झालंय त्यांनीच लिहा.

मिरजकर७१: वय? आजार किती वर्षांचा? गोळी कुठली?

तासगावची_लेक: ६६. नऊ वर्षं. सिंडोपा, दिवसातून पाचदा. आता सांगा.

कृष्णाकाठ: आमच्या काकांचं झालं. थरथर गेली, स्वतः बशीत चहा ओततात. बिनघोर करा.

मिरजकर७१: थरथरीचं कुणी विचारलंय? ताई, गोळी चढलेली असताना पाय अडकतो, की उतरल्यावरच? थरथर सोडली तर गोळीनं जे सुटतं तेच साधारण डीबीएसनं सुटतं. म्हणून रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा. निदान ३० टक्के फरक बघतात. झाली का ही टेस्ट?

वैद्य_नाही_पण: कशाला डोक्याला भोकं! खाजकुइलीचं चूर्ण दुधातून द्या.

मिरजकर७१: खाजकुइलीत लेव्होडोपाच असतो, सिंडोपातलं मुख्य औषध तेच. सिंडोपा चालू असताना वरून ते म्हणजे न मोजता डोस वाढवणं. आणि दुधातली प्रथिनं गोळीच्या आड येतात, तेही दुधातूनच देताय!

वैद्य_नाही_पण: तुमचं कमिशन असणार.

अजिंक्यतारा: ऑपरेशन नवीन नाही, १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोबलला बेनाबिद यांनी सुरू केलं. तारेला वीज पुरवणारी बॅटरी चार्जिंगची घ्या, साधी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. नंतर फिजिओकडे डायथर्मीचा, म्हणजे विद्युत लहरींच्या मशीनचा शेक अजिबात घ्यायचा नाही.

कृष्णाकाठ: चार्जिंग कोण करणार? काका मोबाइल चार्ज करत नाहीत.

तासगावची_लेक: बॅटरीचं नंतर बघू हो! टेस्ट झालेली नाही. गोळीनंतर हात मोकळे होतात, पाय तसेच. हल्ली लघवी आवरत नाही, विसरतातही. ते वयानं असेल.

मिरजकर७१: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! गोळी चढूनही पाय अडकत असेल तर त्या अडकण्याला डीबीएसचा सहसा उपयोग होत नाही. पाय चिकटणं, लघवी, विसरणं हे तिन्ही मेंदूत पाणी साठल्यानंही होतं, त्याला म्हणतात एनपीएच. त्यावर उपाय शंटचा, म्हणजे ते पाणी काढून देणाऱ्या नळीचा, डीबीएसचा नाही. जुन्या पार्किन्सन्समध्येही ही लक्षणं येतात, म्हणून डॉक्टरांनाच ठरवू दे. सोमवारी हो-नाही कळवूच नका. गोळीची टेस्ट, स्मरणशक्तीची तपासणी आणि एमआरआय, हे तीन विषय काढा. तोवर उंबऱ्याअलीकडे फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवा आणि त्या ओलांडत चालायला सांगा. काहींचा पाय तेवढ्यानं सुटतो.

तासगावची_लेक: एमआरआय चार वर्षांपूर्वीचा आहे. चालेल?

मिरजकर७१: तो न्याच, पण नवा काढायला सांगतील बहुतेक.

कृष्णाकाठ: पट्टीला इन्सुलेशन टेप चालते का? काकांच्या बाथरूमपाशी लावतो.

मिरजकर७१: चालते. फरशीवर उठून दिसेल असा रंग घ्या, आणि कडा सुटू देऊ नका, नाहीतर त्यालाच अडखळतील.