दिवाळीत फिराले जाचं: दिल्ली का रत्नागिरी?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी, जरा सल्ला पाहिजे. सोयाबीन निघालं का दिवाळीच्या सुट्ट्यात घरच्याईले कुठंतरी न्याचं ठरवलं, मी, बायको, दोन लेकरं न बाबा. बाबांची सत्तरी झाली, गुडघे दुखतात न थंडीत दम लागते, पण हिंडाची हौस मोठी. पोरगी आठवीत आहे, तिले लाल किल्ला न संसद पाहाची आहे, तिनं तेच धरून ठेवलं. बायको म्हणते समुद्र पाहू, आमच्या घरात आजवर कोणीच समुद्र पाह्यला नाही, म्हणून रत्नागिरी. बाबा म्हणतात बाबासाहेबांनी जिथं शेवटचा श्वास घेतला ती जागा एकदा पाहाची, बाकी तुमी न्याल तिकडं. पैसा एकाच ठिकाणचा आहे, न कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या आधी घरी याव लागते, मजूर मग भेटत नाही. जाऊन आलेल्याईनं सांगजा.

मास्तरीणबाई वर्धा
दादा, दिल्लीला जाच, पण दिवाळीत नको. तिकडे पंजाब-हरियाणात धान कापल्यावर वावरातली धसकटं जाळतात, त्यात फटाक्यांचा अन गाड्यांचा धूर, आणि थंडीमुळे ती हवा वर जातच नाही, खालीच बसून राहते. तरण्या माणसाचा घसा खवखवतो तिथे, तुमच्या बाबांना तर दम आहे. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा. दिल्ली बघायची ती फेब्रुवारीत, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान बहुतेक तेव्हाच उघडतं, पोरीला फार आवडेल. आणि सोमवार टाळा, लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम सगळं सोमवारी बंद, आग्र्याला जाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद.

भीमटेकडी अमरावती
मी थोडं वेगळं बोलतो. बाबांनी सवताहून एक जागा सांगितली ना, मग आधी तीच. म्हातारं माणूस सहसा काही मागत नाही. दिल्लीतच अलीपूर रोडवर सिव्हिल लाईन्समंदी २६ नंबरची जागा, ६ डिसेंबर १९५६ ले बाबासाहेब तिथंच गेले, आता तिथं संविधानाच्या उघड्या पुस्तकासारखी इमारत आहे, २०१८ मंदी सुरू झाली. पोरीले पण दाखवाच, शाळेच्या पुस्तकात वाचलेलं तिथं समोर दिसते. गुडघ्याचं म्हणाल तर मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे, रिक्षापेक्षा मेट्रोच बरी. फक्त इंडिया गेट ते राष्ट्रपती भवन पायी नेऊ नका, तीनेक किलोमीटर आहे, दिसते जवळ न चालता चालता जीव जाते. गाडीचं सोपं आहे, तामिळनाडू एक्सप्रेस दुपारी नागपूर सोडते न सकाळी नवी दिल्लीत. हवेचं बाई बोलल्या ते खरं आहे, तेवढं मात्र सांभाळा.

मूळ पुसद, नोकरी रत्नागिरी
भाऊ, इथं राहतो म्हणून बोलतो असं समजू नका, पण नोव्हेंबरात बाबांना इकडंच आणा. पाऊस गेलेला असते, हवा सवच्छ, थंडी कमी. दुपारी घाम येते, ते सहन करा लागन. समुद्र दोन तऱ्हेचा पाहाले भेटते, रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाले काळा समुद्र न दुसऱ्या अंगाले पांढरा, वाळूच्या रंगावरून नाव. बाबांना मांडवीच्या किनाऱ्याले घेऊन जा, संध्याकाळी बसाले बरं. पोरीले इतिहास पाहिजे ना? थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८५ मंदी गादीवरून उतरवला न इथं आणून ठेवला, हा वाडा १९१० मंदी बांधला, १९१६ ले तो इथंच वारला. लाल किल्ल्यातला आपल्या देशाचा शेवटचा बादशहा, बहादूरशहा जफर, इंग्रजांनी रंगूनले धाडला न त्यांचा राजा इकडं आणला, हे पोरीले वाड्यातच उभं करून सांगा, लाल किल्ला पाहाच्या आधी हे समजलेलं बरं. टिळकांचं जन्मघर गावातच. पतितपावन मंदिर आहे, १९३१ चं, सगळ्या जातीसाठी उघडं, बाबांना आवर्जून दाखवा.
गणपतीपुळ्याले आरे-वारेच्या रस्त्यानं जा, डोंगर उतरता उतरता खाली समुद्र दिसते, वैनी खुश होतीन. पण तिथल्या पाण्यात लेकराले घोट्याच्या वर उतरू देऊ नका, ओहोटीत तर अजिबात नाही. पायाखालची वाळू सरकते, माणूस आत ओढला जाते, न आपल्याकडच्या लोकाईले नदीचं पाणी माहीत, समुद्राचं नाही. पोहता येते म्हणणारेच बुडतात. हे लय मनापासून सांगतो.

मास्तरीणबाई वर्धा
वरच्या दादांचं पटलं. दिवाळीत रत्नागिरी अन बाबांची दिल्ली कापूस संपल्यावर फेब्रुवारीत. सगळ्यांचा खर्च झेपत नसेल तर दिल्लीला फक्त बाबा, तुम्ही आणि पोरगी जा.

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
सगळ्याईचे आभार. हे बाबाले वाचून दाखवलं, ते म्हणाले फेब्रुवारीत न्याचा शब्द दे मग मी समुद्राले येतो. शब्द दिला. पोरगी थोडी हिरमुसली पण थिबा राजाचं आयकून इचारत बसली. आता सांगजा, इकडून रत्नागिरीले डायरेक्ट गाडी आहे का पनवेलले बदला लागते? न बाबा माळकरी नाही पण मासे खात नाहीत, जेवणाचं कसं?

मूळ पुसद, नोकरी रत्नागिरी
नागपूर-मडगाव आहे, बडनेऱ्याहून बसा, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास रत्नागिरी. पण ते स्पेशल म्हणून चालते न मुदत वाढवत राहतात, म्हणून तारीख ठरवाच्या आधी चालू आहे का ते पाहून घ्या. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते, बाबांना खालचा बर्थ मागा. जेवणाची काळजी नको, घावने, आंबोळी, सोलकढी, उकडीचे मोदक, साधं वरण-भात सगळीकडं भेटते, तिखट मात्र आपल्यासारखं नाही, ठेचा सोबत घ्या. स्टेशन गावापासून लांब आहे, उतरल्यावर रिक्षावाल्याले आधीच भाडं इचारून बसजा.