जपानी कार्डं आणि मालवणातला पाऊस

"वाचता येत नाहीत ती जपानी पोकेमॉन कार्डं घ्यायची कशाला?" असं वर विचारलंत. खेळायचं असेल तर नकाच घेऊ, जपानबाहेरच्या अधिकृत स्पर्धांत ती सहसा चालत नाहीत. नुसती जमवायची तर मी जपानीच घेईन. मुळात ती निघालीच तिथे, १९९६ साली. इंग्रजी आली १९९९ला. फक्त साध्या जपानी पाकिटात पाचच कार्डं असतात, इंग्रजीत दहा, हे धरून भाव ताडा.

खरी डोकेदुखी पावसाळ्याची. आमच्या मालवणात आषाढ लागला की चकाकतं कार्ड, मग जपानी असो की इंग्रजी, पापडासारखं वळतं. मी खोळीत घालून, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. डबा आईचा, तळलेल्या गऱ्यांचा. चार दिवस उन्हात ठेवला, तरी फणसाचा वास येतोच.