मदत हवी आहे: मोलवरून फॉर्म्युला काढताना १.५ आलं तर २ का धरायचं नाही?

नमस्कार मंडळी, माझी भाची यंदा अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं. मी कॉमर्सवाली, पण संध्याकाळी तिच्यासोबत अभ्यासाला बसते. पोरगी हुशार आहे, मॅथ्समध्ये कुठे अडत नाही, पण केमिस्ट्रीत मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) आला की गाडी तिथेच अडते. क्लासमध्ये विचारलं तर स्टेप्स पाठ कर, मार्क मिळतील असं सांगितलं. तिला ते पटत नाही आणि मलाही नाही पटलं, कारण असं पाठ केलेलं बारावीपर्यंत टिकत नाही.

तर गणित असं आहे. लोखंडाच्या एका ऑक्साइडमध्ये वजनाने ६९.९ टक्के लोखंड आणि ३०.१ टक्के ऑक्सिजन आहे, एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे अणूंचं सगळ्यात लहान पूर्ण आकड्यांतलं गुणोत्तर, काढा. तिने १०० ग्रॅम धरले, ६९.९ ला लोखंडाच्या अणुभाराने, ५५.८५ ने भागलं, १.२५ मोल आले, ३०.१ ला ऑक्सिजनच्या अणुभाराने, १६ ने भागलं, १.८८ मोल आले, मग दोन्हीला लहान आकड्याने भागलं तर लोखंड १ आणि ऑक्सिजन १.५. इथपर्यंत बरोबर, पण मग तिने १.५ चे २ करून एफईओ२ (एफई म्हणजे लोखंड, ओ म्हणजे ऑक्सिजन) लिहिलं, आणि पुस्तकात उत्तर आहे एफई२ओ३. तिचं म्हणणं, आधीच्या गणितात १.९८ आले तेव्हा आपण २ धरले ना, मग १.५ ला काय झालं, मॅथ्समध्ये तर .५ आलं की पुढचाच आकडा धरतात.

आणि तिची दुसरी शंका, की मुळात भागायचंच कशाला, ७० आणि ३० म्हणजे सरळ ७ ला ३ का नाही?

गंमत म्हणजे मोरचुदाचं गणित तिला येतं. ४.९९ ग्रॅम निळं मोरचूद तापवलं, ३.१९ ग्रॅम पांढरी पावडर उरली, म्हणजे १.८० ग्रॅम पाणी उडालं, ०.०२ मोल पावडरला ०.१ मोल पाणी, एकास पाच. तिथे आकडे सरळ सुटले म्हणून प्रश्नच पडला नाही. मला तयार उत्तर नकोय, तिला कसं समजावू ते सांगा प्लीज, पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट आहे.

प्रतिसाद १:
ताई, दुसरी शंका आधी घ्या, ती सुटली की पहिली सोपी होते. टक्केवारी सांगते वजन किती, फॉर्म्युला सांगतो अणू किती. हार्डवेअरच्या दुकानातून नट आणि बोल्ट किलोवर आणले आणि जोड्या किती लागतील असं विचारलं तर एका नटाचं आणि एका बोल्टाचं वजन माहीत असल्याशिवाय सांगता येईल का? ५५.८५ आणि १६ ने भागणं म्हणजे तेच. लोखंडाचा अणू ऑक्सिजनच्या जवळपास साडेतीनपट जड असतो, त्यामुळे वजनात लोखंड दुपटीहून जास्त दिसलं तरी अणू मोजले तर ऑक्सिजनचेच जास्त भरतात. आणि एक मोल म्हणजे कुठलेही कण घ्या, संख्या तीच, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, म्हणून मोलचं जे गुणोत्तर तेच अणूंचं.

आता १.५. १.९८ आणि २ मधला फरक वजन करताना किंवा दशांश कापताना पडतो, तो सोडून द्यायचा. पण अर्ध्याचा फरक मोजमापात पडत नाही, तो खरोखरच दीड आहे. लोखंडाच्या एकाला दीड म्हणजे दोनाला तीन, दोन्हीला २ ने गुणा झालं.

तिला उलटं गणित करायला लावा, मग कुणी सांगायची गरज उरणार नाही. एफईओ२ धरला तर ५५.८५ अधिक ३२, एकूण ८७.८५, त्यात लोखंड ६३.६ टक्के. दिलंय ६९.९, जुळत नाही. एफई२ओ३ धरला तर १५९.७ पैकी १११.७, बरोबर ६९.९.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. एक अ‍ॅड करतो, मधले आकडे लवकर राउंड करू देऊ नका, तीन दशांश तरी ठेवा. आणि शेवटी १.३३ दिसलं तर ३ ने गुणायचं, १.२५ दिसलं तर ४ ने. लोखंडाचंच दुसरं ऑक्साइड द्या तिला, लोखंड ७२.४ आणि ऑक्सिजन २७.६ टक्के, तिथे १.३३ येतं म्हणजे एफई३ओ४. तिथे १.३३ चं १ केलं तर एफईओ होतं, ज्यात लोखंड ७७.७ टक्के असतं. पहिलं ते हेमेटाइट, गोव्याच्या खाणीत मुख्यतः तेच, आणि हे मॅग्नेटाइट, ज्याला लोहचुंबक जोरात ओढतो. टक्केवारीत अडीचचाच फरक आहे पण पदार्थ वेगळा, म्हणून मनाने राउंड करायचं नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! उलटं गणित तिने स्वतः केलं आणि एफईओ२ तिनेच खोडलं, एफई३ओ४ पण सुटलं. आता नवीन प्रश्न, ग्लुकोज आणि व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दोन्हीचा एम्पिरिकल फॉर्म्युला सीएच२ओ च येतो, मग खरा कुठला ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद १:
नुसत्या टक्केवारीवरून नाही ओळखता येत, मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, वेगळा द्यावाच लागतो. सीएच२ओ चे होतात ३०. ग्लुकोजचा मास १८०, म्हणजे सहापट, सी६एच१२ओ६. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा ६०, ते तिला काढू द्या.